ड्रॉपबॉक्सला फुकटात गर्दी कशी मिळाली: एका प्रमोशनची उभी-आडवी चिरफाड

ऑनलाइन कम्युनिटीत जाऊन धंदा वाढवायचा म्हटलं की आपल्याकडे बहुतेक जण काय करतात, तर सापडतील तेवढे फेसबुक ग्रुप जॉइन करतात, एकच पोस्ट सगळीकडे डकवतात, खाली "इच्छुकांनी इनबॉक्स करा", आणि मग अ‍ॅडमिनने पोस्ट उडवली की तो ग्रुपच कसा फालतू आहे ते सगळ्यांना सांगत सुटतात. यावर टिप्स देणारे भरपूर आहेत, मला त्यात पडायचं नाही. त्यापेक्षा एकच प्रकरण घेऊन ते नीट सोलून बघू. ड्रॉपबॉक्सचं, म्हणजे आपल्या फायली सगळ्या कॉम्प्युटरवर आपोआप सारख्या ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं. जुनं आहे, २००७-०८ चं, पण त्याचा एक फायदा असा की याचे आकडे खुद्द फाउंडरने नंतर जाहीर भाषणात स्लाइडवर मांडलेत, त्यात जे फसलं ते पण आहे, आणि एवढं उघड सहसा कुणी करत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. ड्रू ह्यूस्टन, एमआयटीतून कॉम्प्युटर सायन्स केलेला पोरगा. २००६ च्या शेवटी बॉस्टनहून न्यूयॉर्कच्या बसमध्ये बसला, लॅपटॉप उघडला आणि लक्षात आलं की पेन ड्राइव्ह घरी विसरलाय, मग वैतागून बसमध्येच फायली आपोआप सिंक करणारं काहीतरी लिहायला घेतलं. ही गोष्ट त्याने इतक्या वेळा सांगितलीय की आता ती घासून गुळगुळीत झालीय, थोडा मीठमसाला असेलही, सोडा. महत्त्वाचं हे की तो ज्या धंद्यात उतरत होता त्यात तेव्हा आधीच तोबा गर्दी होती. मोझी होतं, कार्बोनाइट होतं, मायक्रोसॉफ्टने २००५ मध्येच फोल्डरशेअर विकत घेऊन ठेवलं होतं, आणि गूगल स्वतःचं ड्राइव्ह आणणार अशी अफवा कायमच चालू असायची. इन्व्हेस्टर सरळ म्हणायचे, बाबा रे, अशी ढीगभर सॉफ्टवेअर आहेत की. त्यावर तो विचारायचा, तुम्ही स्वतः त्यातलं एखादं वापरता का? आणि ते न अडकता चालतं का? उत्तर बहुतेक वेळा नाही असंच यायचं. म्हणजे अडचण अशी होती की हे कसं चालतं ते तोंडाने सांगून पटत नव्हतं. "फोल्डरमध्ये फाइल टाका, दुसऱ्या कॉम्प्युटरवर आपोआप दिसेल" हे ऐकायला अगदी साधं वाटतं आणि ऐकणारा म्हणतो हो हो, असतंच की तसं.

म्हणून त्याने व्हिडिओ केला. इथे एक गोंधळ आधी मोकळा करतो, कारण मराठीत काय नि इंग्रजीत काय, हे प्रकरण सांगणारे बरेच जण दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करतात. "प्रॉडक्टच नव्हतं, नुसता व्हिडिओ टाकला आणि पाऊण लाख लोक आले" अशी जी स्टोरी रीलवर फिरते ती बरोबर नाही. व्हिडिओ दोन होते, दोन वेगळ्या ठिकाणी टाकले होते, मध्ये साधारण अकरा महिन्यांचं अंतर होतं, आणि दोन्ही वेळी त्याला हवं असलेलं अगदी वेगळं होतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा जीव तिथेच आहे, एकच माणूस, एकच प्रॉडक्ट, पण एका ठिकाणी त्याला मोजून एक-दोन माणसांची नजर हवी होती आणि दुसऱ्या ठिकाणी झुंडच्या झुंड.

पहिलं ठिकाण हॅकर न्यूज, प्रोग्रामर आणि स्टार्टअपवाल्यांचा लिंका टाकून चर्चा करायचा कट्टा. एप्रिल २००७. तेव्हा ती साइट जेमतेम दोन महिन्यांची होती आणि तिचं नावसुद्धा अजून स्टार्टअप न्यूज होतं, हॅकर न्यूज हे नाव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलं. चालवणारा पॉल ग्रॅहम, म्हणजे वाय कॉम्बिनेटरवाला (नव्या स्टार्टअप निवडून त्यांना सुरुवातीचे पैसे आणि सल्ला देणारी संस्था, थोडक्यात वायसी), आणि ह्यूस्टनला वाय कॉम्बिनेटरच्याच उन्हाळी बॅचमध्ये घुसायचं होतं. आता अर्ज तर शेकडो येतात, त्यात आपला वर कसा येणार? तर ज्या कट्ट्यावर तो निवड करणारा माणूस रोज बसतो तिथेच आपलं काम नेऊन ठेवायचं. पोस्टचं शीर्षक बघा, माझा वायसीचा अर्ज, ड्रॉपबॉक्स, पेन ड्राइव्ह फेकून द्या. बस. युजरनेमही स्वतःच्या नावाचंच. "मित्राने हे एक भारी सॉफ्टवेअर दाखवलं, कुणी वापरलंय का?" अशी नाटकं नाहीत, जी आजही आपल्याकडे सर्रास चालतात, म्हणजे एका अकाउंटवरून प्रश्न विचारायचा आणि दुसऱ्यावरून आपणच उत्तर द्यायचं आणि तिसऱ्यावरून "धन्यवाद दादा, मी पण घेतलं" म्हणायचं. लोकांना कळत नाही असं वाटतं का यांना? तिन्ही अकाउंट कालच उघडलेली असतात आणि तिन्हीकडे "उत्क्रुष्ट" असंच लिहिलेलं असतं.

पोस्टखाली आलेली एक कमेंट पुढे फारच गाजली, स्टार्टअपच्या जगात आजही लोक ती हसायला वापरतात. एका युजरने तीन मुद्दे मांडले. एक, लिनक्सवाल्याला हे स्वतःचं स्वतः सहज करता येईल, एफटीपी अकाउंट घ्या, कर्लएफटीपीएफएसने ते माउंट करा, वरून एसव्हीएन नाहीतर सीव्हीएस लावा, झालं. (यातलं एक अक्षर कळलं नसेल तर मनाला लावून घेऊ नका, ड्रॉपबॉक्सचं गिऱ्हाईक तुम्हीच होता.) दोन, यामुळे पेन ड्राइव्ह काही सुटत नाही, कारण नेट नसलं तर काय, म्हणून लोक खिशात ठेवणारच. तीन, हे एकाकडून दुसऱ्याकडे पसरेल असं दिसत नाही आणि यातून पैसा कसा येणार तेही दिसत नाही.

हसणारे हसोत, मला ती कमेंट वाईट अजिबात वाटत नाही. त्या माणसाने वेळ काढून मुद्देसूद लिहिलं होतं, कुजकट बोललेला नव्हता. आणि खरी मजा पुढे आहे, जी सांगणारे सहसा गाळतात. ह्यूस्टनने तिन्ही मुद्द्यांना एकेक करून उत्तर दिलं, शांतपणे, त्याच्याच पट्टीत. दुसऱ्या मुद्द्यावर तर सरळ कबूल केलं की हो, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर असाल आणि तिथे नेट नसेल तर हे पेन ड्राइव्हची जागा घेणार नाही, पण स्वतःच्या मशिनवर नेट नसतानाही शेवटच्या सिंकपर्यंतच्या फायली मिळतील. तिसऱ्यावर म्हणाला की पसरण्याच्या दृष्टीने काही गोष्टी आहेत ज्या अजून जाहीर केलेल्या नाहीत, त्यापुढे एक स्मायली, आणि बेसिक फुकट असेल, जास्त जागा हवी असेल तर पैसे. यावर तो टीका करणारा माणूस परत आला, विंडोजवाल्यांसाठी ही चीज चांगलीच उपयोगी आहे हे मान्य केलं, मला फक्त पुढे कशी टीका येऊ शकते त्याची झलक द्यायची होती म्हणाला आणि शुभेच्छा देऊन गेला. एवढंच. चार-पाच परिच्छेदांची देवाणघेवाण, पण ती वाचणाऱ्या प्रत्येकाला दिसलं की या पोराला आपलं प्रॉडक्ट आतून-बाहेरून माहितीय आणि याला टोचलं तरी हा फणा काढत नाही.

उलट उदाहरण पटकन देतो. नोव्हेंबर २०१७, ईए ही गेम बनवणारी कंपनी, रेडिट या चर्चेच्या साइटवर गिऱ्हाईक चिडलेलं की पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या गेममध्ये आवडती पात्रं उघडायला तासन् तास घासावं लागतंय. कंपनीच्या अकाउंटवरून उत्तर आलं ते अगदी पीआर खात्याच्या मिक्सरमधून काढलेलं, की खेळाडूंना काहीतरी कमावल्याचा अभिमान वाटावा असा आमचा उद्देश आहे वगैरे. साडेसहा लाखांहून जास्त डाउनव्होट पडले त्या एका कमेंटला. दोन्हीकडे समोर नाराज वाचकच होता ना? पण एकाने विचारलेल्याचं उत्तर दिलं, दुसऱ्याने निवेदन दिलं.

हॅकर न्यूजमधून हाती काय आलं? गिऱ्हाईक म्हणाल तर फारसं नाही, आणि ते नकोच होतं तेव्हा, विकायला काही तयार कुठे होतं. पण ग्रॅहमची नजर गेली. तो म्हणाला आयडिया ठीक आहे पण एकटा येऊ नकोस, को-फाउंडर शोध. ह्यूस्टनने अराश फिरदौसी नावाचा एमआयटीतलाच मुलगा गाठला, त्याने डिग्रीला एक सेमिस्टर शिल्लक असताना कॉलेज सोडलं (आपल्याकडे घरी काय झालं असतं याची कल्पना करा), दोघांची २००७ च्या उन्हाळी बॅचमध्ये निवड झाली आणि सप्टेंबरात सिकोइया या गुंतवणूक कंपनीकडून १२ लाख डॉलरची पहिली गुंतवणूक आली. एका पोस्टच्या जिवावर हे सगळं झालं असं मी म्हणणार नाही. पण दार उघडलं ते तिथून.

आता दुसरं ठिकाण, डिग. नव्या पोरांना हे नावच माहीत नसेल. २००४ मध्ये सुरू झालेली साइट, लोक लिंका टाकायचे, बाकीचे आवडली तर वर ढकलायचे, नावडली तर गाडायचे, आणि जी लिंक पहिल्या पानावर चढली तिच्यावर लोकांचा असा लोंढा यायचा की छोट्या साइटी अक्षरशः कोसळायच्या. ही गर्दी स्वभावाने हॅकर न्यूजपेक्षा फार वेगळी. टेक्निकल होतीच, पण टारगट. मे २००७ मध्ये एचडी डीव्हीडीची कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं डिजिटल कुलूप तोडणारा एक आकडा तिथे कुणीतरी टाकला, डिगवाल्यांनी वकिलांच्या भीतीने पोस्टी काढायला सुरुवात केली, तर चिडलेल्या युजर्सनी सगळं पहिलं पान त्या आकड्याने भरून टाकलं आणि केव्हिन रोज या फाउंडरला जाहीरपणे माघार घ्यावी लागली. अशा लोकांसमोर तुम्ही "आमची नाविन्यपूर्ण सेवा" म्हणून गेलात तर काय होईल ते सांगायला नको.

मार्च २००८. ड्रॉपबॉक्सचा प्रायव्हेट बीटा चालू होता, म्हणजे प्रॉडक्ट होतं, पण मोजक्याच लोकांकडे. ह्यूस्टनने नवा व्हिडिओ केला, तीन-चार मिनिटांचा, स्वतःच्याच आवाजात. वरवर बघितलं तर कंटाळवाणा, स्क्रीनवर माउस फिरतोय, फाइल इकडून तिकडे जातेय. पण ज्या फायली तो हलवत होता त्यांची नावं आणि त्यातला मजकूर यात डिगच्या लोकांचे खास आतले जोक पेरलेले होते, तेव्हा तिथे चघळले जाणारे. बाहेरच्याला ते दिसलेही नसते, आणि त्याने काही बिघडतही नव्हतं, सिंक कसं होतं ते त्याला कळतच होतं. पण डिगवाला व्हिडिओ थांबवून थांबवून बघणार, हे सापडलं, ते सापडलं, म्हणून कमेंटमध्ये एकमेकांना सांगणार, आणि सांगता सांगता पोस्ट वर ढकलणार. १२ हजार लोकांनी ती वर ढकलली. वेटिंग लिस्ट एका रात्रीत ५ हजारवरून ७५ हजारवर गेली.

हे जोक पेरणं म्हणजे नुसती कल्पकता नाही हां. ते यायला तुम्ही तिथे आधी महिनोन् महिने पडीक असावं लागतं. एजन्सीला "थोडे मीम टाका" म्हणून सांगितलं तर काय तयार होतं ते आपण रोज बघतो, सहा महिने शिळा मीम, त्यावर बँकेचा लोगो. आपल्याकडच्या जुन्या कट्ट्यांचं पण तेच आहे. मायबोली १९९६ पासून चालू आहे, तिथे जाहिरातींसाठी वेगळा विभाग ठेवलेला आहे, आणि तरीही कुणीतरी नवा आयडी काढून थेट गप्पांच्या धाग्यात आपल्या लोणच्याचा नंबर टाकतोच. मग पुढे जे होतं ते त्या लोणच्याहून झणझणीत. तेच कुणी पाकृच्या धाग्यांवर दोन वर्षं तोंडली, वांगी, खाराची मिरची यावर प्रामाणिक लिहीत असेल आणि एक दिवस म्हणाली की मी आता ऑर्डर घेते, तर लोक स्वतःहून विचारतात कुठे मिळेल म्हणून. माणूस तोच असायला हवा, आदल्या दिवशी आयत्या बिळावर येऊन बसलेला नागोबा नको.

डिगच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे, जिच्याकडे मार्केटिंगवाले लक्ष देत नाहीत कारण ती फार साधी आहे. व्हिडिओ बघून लोंढा आला तेव्हा त्याच्यापुढे मागणं काय ठेवलं होतं? फक्त ई-मेल पत्ता. खरेदी नाही, डाउनलोड नाही, "दहा मित्रांना शेअर करा" नाही. याचे दोन फायदे झाले असं मला वाटतं. एक तर बीटावर ताण पडला नाही, पाऊण लाख लोक एकदम आत घेतले असते तर सर्व्हरचं भजं झालं असतं आणि पहिल्याच दिवशी त्याच डिगवर शिव्या बसल्या असत्या. दुसरं म्हणजे गर्दी दुसऱ्या दिवशी पुढच्या लिंककडे निघून गेली, जाणारच होती, पण जाताना पत्ता ठेवून गेली. सगळ्यांना उघडं व्हायला पुढे सप्टेंबर २००८ उजाडलं, टेकक्रंच५० या नव्या कंपन्या सादर करायच्या कार्यक्रमाच्या स्टेजवर, तोपर्यंत ती यादी जवळ होती.

आता जे फसलं ते. लॉन्चनंतर त्यांनी शहाण्यासारखं वागायचं ठरवलं, म्हणजे पुस्तकात असतं तसं. मार्केटिंगचा अनुभवी माणूस आणला, गूगलच्या जाहिराती लावल्या. हिशोब काय बसला? एक पैसे देणारं गिऱ्हाईक मिळवायला २३३ ते ३८८ डॉलर, आणि विकायची वस्तू वर्षाला ९९ डॉलरची. जाहिरातीवरून येणाऱ्यांना फुकटचा पर्याय लपवून ठेवण्याचा उद्योगसुद्धा करून झाला, तरी जमेना. मूळ कारण असं की लोक गूगलवर "फाइल सिंक" असलं काही शोधतच नव्हते, आपल्याला अशी काही गरज आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. सर्चची जाहिरात ज्याला आधीच हवंय त्याला गाठते. ज्याला हवंय हे अजून कळलेलंच नाही त्याला ती दिसणार कशी? कट्ट्यावरचा व्हिडिओ नेमकं तेच काम करत होता, बघेपर्यंत नको होतं आणि बघितल्यावर हवंसं झालं.

पण म्हणून त्यांनी परत डिगवर जाऊन आणखी एक व्हिडिओ टाकला का? तर वाढ तिथून आली नाही. माझ्या मते येणारही नव्हती, तोच जोक दुसऱ्यांदा कोण हसतं. त्यांनी पेपालवरून प्रेरणा घेऊन रेफरल आणलं, तुम्ही मित्राला बोलवा, तो आला की तुम्हालाही जास्त जागा आणि त्यालाही, तेव्हा दोघांना २५० एमबी. पैसे नाही हं, जागा, जी वापरणाऱ्यालाच कामाची. यामुळे साइनअप ६० टक्क्यांनी वाढले आणि वाढलेलेच राहिले. सप्टेंबर २००८ मध्ये १ लाख युजर होते, जानेवारी २०१० मध्ये ४० लाख. रोज नव्याने येणाऱ्यांतले ३५ टक्के रेफरलमधून आणि २० टक्के शेअर केलेल्या फोल्डरमधून वगैरे, हे ह्यूस्टनच्याच स्लाइडवरचे आकडे. म्हणजे त्या कमेंटवाल्याचा तिसरा मुद्दा, हे पसरेल का आणि कसं, याचं उत्तर देण्यात कंपनीची पुढची दोन वर्षं गेली. प्रश्न चुकीचा नव्हताच.

आता हे प्रकरण आपल्याकडे कितपत लागू होतं? मला विचाराल तर निम्मंच. एक म्हणजे प्रॉडक्ट असं होतं की ते ज्यांना दाखवलं तेच पहिले वापरणारे होते. प्रोग्रामर, चार-चार मशिनवर काम करणारे. सोलापुरात चादरी विकणाऱ्याने हॅकर न्यूजवर जाऊन काय करायचं? त्याचे लोक घरसजावटीच्या नाहीतर हातमागाच्या ग्रुपमध्ये, आणि तिथे त्याच्याकडे सांगण्यासारखं भरपूर असतं, धाग्याचा काउंट, रंग का जातो, खरी चादर कशी ओळखायची. दुसरं म्हणजे या प्रकरणात फाउंडर स्वतः लिहीत होता. आपल्याकडे मालक म्हणतो मला वेळ नाही, पुतण्याला सांगतो तू बघ ते सोशल मीडियाचं, आणि पुतण्याला चादरीतलं काही माहीत नसतं. मग कुणी साधा प्रश्न विचारला की "डीएम केलंय" एवढंच उत्तर. ह्यूस्टनच्या जागी असा पुतण्या असता तर कर्लएफटीपीएफएसवाल्याला काय उत्तर मिळालं असतं?

आणि जागा दुसऱ्याची असते, हे पण. ऑगस्ट २०१० मध्ये डिगने सगळं रूपच बदललं, जुने युजर भडकले आणि लोंढ्याने रेडिटकडे निघून गेले. जुलै २०१२ मध्ये बीटावर्क्सने डिग घेतलं ते साधारण ५ लाख डॉलरच्या आसपास, एकेकाळी ज्या साइटला कोट्यवधी डॉलरच्या ऑफर आल्याच्या बातम्या असायच्या तिची ही किंमत. जो कुणी आपलं सगळं बस्तान डिगवरच मांडून बसला होता त्याचं काय झालं असेल ते बघा. ड्रॉपबॉक्सवाल्यांच्या यादीतल्या पत्त्यांना मात्र यातल्या कशाचाच धक्का लागला नाही, त्याच वर्षी नोव्हेंबरात ते १० कोटी युजरवर पोचले होते.